लाल डब्यातला रंधा

आमच्या घरात वडिलांच्या हत्यारांना मुलानं हात लावायचा नाही, अशी शिस्त होती. ज्याला एकट्यानं काम हवं, त्यानं स्वतःचा रंधा आणायचा आणि मामंजींसमोर फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अखंड साल काढून दाखवायची. ती साल डोळ्यांपुढे धरली की पलीकडच्याचं नाक दिसलं पाहिजे.

तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. शेजारच्या डॉक्टरीणबाईंचं कपाट ह्यांना एकट्यानं करायचं होतं, म्हणून हे स्वस्तातला परदेशी रंधा घेऊन आले. लाल चकचकीत डबा, लोखंडी अंग, पितळी चाकी! मी तर डब्यावरच भाळले.

मामंजींनी पातं काढून टिचकी मारली, कान दिला. "खोकतंय."

"अण्णा, चालवून तरी बघा!"

"मी कशाला? कपाट तुला हवंय."

ह्यांनी चालवला. वीतभर साल झोकात निघाली आणि मग नुसता चुरा. पातं घासून पुन्हा चालवला. पुन्हा चुराच.

"नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला सगळ्यांना नावडतीचं मीठ अळणीच!" हे चिडले. पण चेहरा पडला होता. कपाट हातचं जाणार होतं.

मी रंध्याच्या तळावरून हात फिरवला. "मामंजी, अंग तर सपाट लागतंय."

त्यांनी एक डोळा मिटून तळ निरखला. "अंग बरं आहे. पातंच मऊ."

मी तडक आत गेले. सासूबाई करपलेल्या दुधाचं पातेलं खरवडत होत्या, आजेसासऱ्यांच्या मोडक्या रंध्याच्या पात्यानं! वर्षानुवर्षं त्याला तेवढंच काम होतं.

"आई, हे द्या ना जरा."

"अगं, पातेलं अर्धं राहिलंय!"

ऐकतंय कोण! ह्यांनी ते दगडावर असं घासलं, की मनगटावर फिरवताच केस उतरले. नव्या अंगात जुनं पातं बसवलं आणि रंधा ढकलला. साल सळसळत, वळत थेट दुसऱ्या टोकाला पोचली. मामंजींनी ती तोंडासमोर धरली. मला त्यांचं नाक दिसलं, आणि मिशीतलं हसूही.

"डॉक्टरीणबाईंना सांग, उद्या माप घ्यायला येतोस."

एवढ्यात सासूबाई पातेलं घेऊन दारात उभ्या. "आणि मी हे कशानं खरवडू?"

मामंजींनी निमूटपणे परदेशी पातं पुढे केलं. सासूबाईंनी तिथंच खरवडून पाहिलं.

"चांगलं आहे की! उगाच नावं ठेवता बिचाऱ्याला."