शिवणीतली माया

"कोपर आवर गं तुझं, बरगड्या मोडतील माझ्या!" चिमणी पुटपुटली.

नाव चिमणी, पण अर्धा पलंग तिनेच व्यापलेला. लॉजवरच्या दोघींच्या पलंगावर तिघी बहिणी, पंखा नुसता आवाजाचा आणि खिडकीबाहेर सकाळीच तापलेलं एवढं मोठं शहर. मधलीने कोपर आवरलं. जीभ तर ती आल्यापासून आवरूनच होती, आणि त्याचाच तिला वैताग आला होता.

तिघींचं मिळून शिवणाचं दुकान. अक्का कापायची, मधली मशीनवर, चिमणी हुका-काजांना. पण अलीकडे अक्काच्या कापण्यात माया उरत नव्हती. शिवणीच्या आत बोटभर जादा कापड सोडतात, ती माया. अंग सुटलं तर कपडाही सोडता यावा म्हणून. अक्का खडूच्या रेघेच्या आतूनच कात्री चालवायची आणि वर म्हणायची, "हल्ली बल्बच मंद निघतात." मधली गुपचूप जोड देऊन निभावून न्यायची. आता सुट्टी संपली की एका नवरीचं रेशीम कापायचं होतं. रेशमाला जोड लपत नाही. ते बिघडलं की दुकानाचं नावच गेलं.

"फिरायला नेऊ आणि तिथे सांगू," असं दोघींनी ठरवलं. म्हणजे ठरवलं चिमणीने, सांगायचं मधलीने.

शहरात सांगायला जागा कुठे होती? रस्ता ओलांडताना अक्काचा हात धरावा, तर ती झटकायची. "मी काय म्हातारी झाले?" आणि पुढच्याच पायरीला ठेचकाळायची. खानावळीत तिने चहा कपाऐवजी बशीत ओतला, तशी चिमणीने घाईघाईने आपलाही बशीत ओतला. "असाच लवकर निवतो," म्हणाली. मधलीला दोन्ही बशा उचलून आपटाव्याशा वाटल्या.

"तू सांगणार होतीस," हात धुताना चिमणी कुजबुजली.

"तू बशीतून भुरके मारत बसल्यावर काय सांगू? कपाळ?"

दुपारी बसने समुद्र गाठला. वाळू तव्यासारखी, सावलीच्या छत्र्या सगळ्या आधीच गेलेल्या. तिघी एका भिंतीच्या हातभर सावलीत दाटीवाटीने टेकल्या. अक्का पाण्याकडे तोंड करून म्हणाली, "पाणी किती सपाट दिसतंय आज!" समोर पुरुषभर लाटा फुटत होत्या.

चपलेतली वाळू झटकायला चिमणीने हात वर केला आणि ब्लाउजच्या काखेत टर्रकन आवाज झाला.

"गेला!" चिमणी हात अंगाशी चिकटवून बसली. "मीच सुटलेय बाई, काय करू."

"थांब, बघू दे." अक्काने बोटं आत घातली. तिची बोटं शिवणीवरून पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. कपाळावर आठी. "माया कुठाय? अगं, सूतभरसुद्धा सोडलेली नाही! बाजारात घेतलास?"

चिमणीने मधलीकडे पाहिलं. "हो... म्हणजे, असाच."

"लाज नाही वाटत लोकांना! दुसऱ्याचं कापड म्हणजे काय रद्दी? असल्या बाईच्या हातातून कात्री काढून घ्यायला हवी. तिच्या घरात एकाला तरी बोलायचं धैर्य नाही का?"

"जाऊ दे गं अक्का," चिमणी घाईने म्हणाली, "ऊन किती आहे बघ. काहीतरी थंड पिऊ या का?"

"काही पिऊ नका!" मधली एवढ्या जोरात ओरडली की शेजारचं जोडपं वळून बघायला लागलं. तिने अक्काची बोटं त्या उसवलेल्या शिवणीतच धरून ठेवली. तिचा आवाज मात्र आता खाली आला.

"बाजारातला नाही तो, अक्का. तू कापलायस. तुला दिसत नाही गं आता."