खोटं सुतक

गोव्यात डिचोलीजवळची ती मुलग्यांची खाजगी शाळा एवढीशी, पण तिच्यातले गट मोजायला बसलात तर दमाल. गाडीतून उतरणारे वेगळे, बसने येणारे वेगळे, आणि सगळ्यांच्या वर साईश. त्याच्या बापाची मांद्र्यात गेस्ट हाऊसं. साईश ज्याच्या खांद्यावर हात टाकील तो तरला.

प्रज्योत जवळच्या सर्वण गावचा, साध्या नोकरदाराचा मुलगा. पण घुमट, ते मातीच्या घड्याचं वाद्य, असं वाजवायचा की ऐकत राहावं, म्हणून यंदा त्याला साईशच्या आरतीच्या ताफ्यात जागा मिळाली. चतुर्थीत हा ताफा वर्गातल्या मुलांच्या घरी आरत्या म्हणत फिरे. ज्याच्या घरी गेला तो आपला, बाकीचे कोणीच नव्हेत.

घोळ झाला तो दीपकमुळे. दीपक प्रज्योतच्या बाकावरचा, पाचवीपासूनचा जिवलग. त्याचे वडील कोल्हापूरकडचे, इथल्या कारखान्यात कामाला. पोटाला चिमटा काढून त्यांनी मुलाला या शाळेत घातलं होतं. ‘‘चवथीच्या संध्याकाळी आमच्याकडे या सगळे,’’ दीपक म्हणाला. ‘‘आई वाट बघणार आहे.’’

तो गेल्यावर साईश हसला. ‘‘त्या घाट्याच्या खोलीत? बसायचं कुठे, एकमेकांच्या डोक्यावर?’’ सगळे हसले. प्रज्योतही हसला, मेला.

बरं, जमत नाही म्हणून मोकळं व्हावं की नाही? पण तेवढी हिंमत असती तर काय हवं होतं! चवथीच्या सकाळी त्याने दीपकला फोन केला. ‘‘आमच्याकडे सुतक आलं रे. मी नाही म्हणजे घुमट नाही, ताफाही नाही.’’

‘‘कोण गेलं?’’

हे काही त्याने ठरवलं नव्हतं. तोंडाला आलं ते बोलून गेला, ‘‘आजी.’’

आणि आजी आत नारळ खवत होती. पद्मावती तिचं नाव, चांगली ठणठणीत. दुपारी तिने आग्रहाने वाढलेली नेवरी, म्हणजे करंजी, त्याने तशीच पानात टाकली.

तिसऱ्या दिवशी ताफा सर्वणला आला. साईश आपल्या घरी! प्रज्योतला आकाश ठेंगणं झालं. आरती अजून सुरू व्हायची होती, तोच बाहेर कुणाचा तरी आवाज आला. गळ्यात घुमट अडकवूनच तो ओसरीवर गेला.

पायरीशी दीपक उभा होता आणि त्याची आई भागीरथी. तिच्या हातात मोठा डबा. त्यांच्याकडची रीतच तशी, सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, ओळखीच्यांनी भाकरी-पिठलं पोचवायचं. घरचा दीड दिवसाचा गणपती पाण्यात सोडून, मग सगळं रांधून ती आली होती.

‘‘म्हातारीचं कळलं,’’ ती पद्मावतीला सांगत होती. ‘‘लई वाईट झालं बघा.’’

‘‘खंयची म्हातारी गो बाये? ह्या घरात म्हातारी मीच.’’

भागीरथीने प्रज्योतकडे पाहिलं. गळ्यातलं घुमट, आतली समई, मखर, सगळं पाहिलं. प्रज्योतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ही बोलणार, आणि बोलली तर बरंच होईल, असंही वाटलं त्याला.

ती वाकून आजीच्या पाया पडली. ‘‘कुणीतरी चुकीचं सांगितलं आमाला. बरं झालं, आयुष्य वाढलं तुमचं.’’

पद्मावतीला हसू आवरेना. ‘‘कोणी रे मारलं मला?’’ तिने दीपकला विचारलं.

‘‘आठवत नाही, आजी.’’

‘‘आमच्या प्रज्योतचो इश्ट ना रे तू, दोस्त? कधी आला नाहीस रे घरी.’’

साईश दारात येऊन उभा राहिला होता. आजी प्रज्योतकडे बघत होती, दीपकही बघत होता. एक शब्द पुरला असता. दोस्त आहे माझा, एवढंच.

‘‘वर्गात आहे,’’ प्रज्योत म्हणाला.

भागीरथीने डबा आजीच्या हातात दिला. ‘‘पोरं आलीत घरात, खातील.’’

‘‘हो आजी,’’ दीपक म्हणाला, ‘‘फक्त वर्गात.’’ आणि आईचा हात धरून तो पायऱ्या उतरला.