भुंग्याचा खर्ज

चष्मेवाल्याचा एक नियम होता: जे स्वतःच्या मशीनवर चालवून बघितलं नाही, त्याबद्दल एक ओळही लिहायची नाही. दिवसभर दुकानात बसून तो लोकांच्या चष्म्याच्या काचा घासायचा, फ्रेममध्ये बसवायचा, आणि घरी आला की चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरला चिकटायचा. लिनक्स या फुकट मिळणाऱ्या सिस्टिमवर नवीन काय आलं, कुठल्या आवृत्तीत काय बिघडलंय, कुणी कुठला डेमो केला, हे सगळं तो आपल्या वेबसाइटवर लिहायचा. वाचणारे मोजके, पण पक्के. त्याने अपडेट घ्या म्हटलं की डोळे मिटून घेणारे. सासूबाई म्हणायच्या, जावयांचं हे दुसरं लग्न आहे आणि ही पहिलीपेक्षा लाडकी आहे. बायको त्यावर काही बोलायची नाही, म्हणजे तिलाही तसंच वाटत असणार.

डेमो म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम. चालू केला की पडद्यावर चित्रं हलू लागतात, जोडीला संगीत वाजतं, आणि यातलं काहीही आधी साठवलेलं नसतं. सगळं गणितानं त्याच क्षणी घडत असतं. वर पुन्हा अट अशी की पूर्ण फाइल चौसष्ट केबीत बसली पाहिजे. मोबाइलवरचा साधा फोटोसुद्धा याहून कितीतरी मोठा असतो. कुणी सांगितलाय हा उद्योग, असं विचाराल तर कुणीच नाही. हौस.

चित्रांचं काम चष्मेवाल्याचं आणि संगीत भुंग्याचं, अशी ही जोडी कॉलेजपासूनची. भुंगा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामात सारखा गुणगुणत असे म्हणून हे नाव पडलं, आणि आता तर त्याची आईसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायची.

तर या भुंग्याचे कान जात चालले होते. आधी पाखरांचे आवाज गेले, मग दारावरची घंटी, मग बायकोचं अर्धं बोलणं. तेवढं मात्र बरं झालं, असं तो तिच्यासमोरच म्हणायचा आणि कोपरखळी खायचा. दोन्ही कानांत यंत्रं आली. पण मोठ्या आवाजात यंत्रं नुसती खरखरायची, सूर काही कळायचा नाही. उघड्या कानांना आता फक्त खर्ज ऐकू यायचा, तोही दणदणीत वाजला तर. डॉक्टर म्हणाले होते, तेवढंही फार दिवस टिकणार नाही, पुढच्या वर्षाचं काही धरून चालू नका.

म्हणून यंदा भुंग्याने सगळं संगीत खर्जातच बांधलं. वर्षातून एकदा डेमोवाल्यांची स्पर्धा भरायची. घरापासून दिवसभराच्या प्रवासावर एक मोठं सभागृह, पुढे माणसाच्या उंचीचे स्पीकर. भुंगा म्हणाला होता, "मला एकदा तिथे बसून आपलं ऐकायचंय. मग कान गेले तर गेले."

घोडं अडलं ते फाइलपाशी. काही केल्या ती चौसष्टच्या वरच जात होती. आता संगीतालाच कात्री लावावी लागणार, हे भुंग्याला कसं सांगायचं या विचाराने चष्मेवाल्याला जेवण गोड लागेना. तेवढ्यात कंपायलरची नवी आवृत्ती आली. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवून देणारं सॉफ्टवेअर. चष्मेवाल्याने ती लगेच घेतली, डेमो नव्याने बांधला, आणि फाइल तब्बल चार केबींनी बारीक झाली. देवच पावला म्हणायचा. गडी इतका हुरळला की त्याच संध्याकाळी वेबसाइटवर लिहून मोकळा झाला: जुनी आवृत्ती काढून टाका, ही घ्या, मी स्वतः चालवून बघितली आहे.

चालवून बघितली होती, खोटं नव्हतं. पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत, नाक पडद्याला लावून. पण आवाज बंद ठेवून. त्या खर्जाने सासूबाईंचं डोकं उठायचं, घरात काय गिरणी काढलीय का म्हणायच्या, म्हणून कॉम्प्युटरचा आवाज महिनाभर बंदच होता. आणि ती धून त्याला इतकी पाठ झाली होती की चित्र हललं की ती डोक्यात आपोआप वाजायची. खरोखर वाजत नसली तरी आपल्याला कळणार नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी भुंगा बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये बसून राहिला. कान ताजे ठेवतो, म्हणाला. त्यांचा नंबर आला तेव्हा तो आत आला, शेजारी बसला, यंत्रं काढून खिशात टाकली आणि डोळे मिटले.

काळ्या पाण्यावर उजेडाचे गोळे तरंगत आले. आवाज नाही. चष्मेवाल्याला वाटलं, वायर निघाली असेल. टेबलामागच्या आयोजक बाईंनी बटणं फिरवून बघितली आणि हाताने त्याला विचारलं, काय? तेव्हा त्याला ते चार केबी आठवले. नव्या कंपायलरला संगीताचा भाग बिनकामाचा वाटला होता. त्याने तो सरळ गाळला होता. पुन्हा लावायला सांगूनही उपयोग नव्हता, कारण फाइलच मुकी होती. जुनी, वाजणारी फाइल घरी, आणि हे स्पीकर संध्याकाळी उतरवले जाणार होते.

लोकांना वाटलं, हे मुद्दामच केलंय. अख्खं सभागृह श्वास रोखून बघत होतं. संपल्यावर टाळ्या पडल्या, काही जण तर उभे राहिले. टाळ्यांचा आवाज भुंग्याच्या कानापर्यंत पोचणारा नव्हता. त्याने डोळे उघडले, लोकांचे हात बघितले, आणि यंत्रं नसली की बोलायचा तसा मोठ्याने बोलला, "माझे कान गेले रे. काहीच आलं नाही. पण लोकांना चांगलं वाजलं ना?"

नाही म्हणून मान हलवायची होती, बस. एवढंच काम होतं. पण त्याचे ते भरलेले डोळे, उभे राहिलेले लोक, आणि स्वतःची लाज. चष्मेवाल्याने हो म्हणून मान हलवली. वर अंगठाही दाखवला, लाज वाटायला हवी होती त्याला.

भुंगा हसला. चेहरा पुसला. आणि पुढच्या स्पर्धकाचा डेमो सुरू झाला.

पहिल्याच ठोक्याला खुर्च्या थरथरल्या. भुंगा दचकला, त्याने छातीवर हात ठेवला, मग चष्मेवाल्याचं मनगट घट्ट धरलं. "येतंय! अरे, ऐकू येतंय मला!" लहान पोरासारखा तो हसत होता. थोड्या वेळाने हसू थांबलं. त्याने स्पीकरकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, मग चष्मेवाल्याकडे. मनगट सोडलं.

तो डेमो संपेपर्यंत दोघं तसेच बसले. मग भुंग्याने यंत्रं कानात घातली.

"आपलं वाजलंच नाही?"

चष्मेवाल्याने सगळं सांगितलं. कंपायलर, चार केबी, बंद ठेवलेला आवाज.

"होतं असं," भुंगा म्हणाला. "मीसुद्धा कधी न तपासता लिफ्ट सोडलीय. पण मी विचारलं तेव्हा तू हो म्हणालास. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं असतं, कान गेले म्हणून. ती रडली असती. आणि तू मला ते सांगू दिलं असतंस."

तसं नाही रे, असं चष्मेवाल्याच्या तोंडावर आलं होतं, पण तसंच होतं.

भुंगा उठला. अगदी पुढे, स्पीकरच्या शेजारी, कानठळ्या बसतात म्हणून कुणी बसत नव्हतं अशी एक खुर्ची होती.

"दुसऱ्यांचं का होईना, ऐकून घेतो," तो म्हणाला. "तू येऊ नकोस."

पुढे जाऊन त्याने यंत्रं काढून खिशात ठेवली. पुढचा डेमो सुरू झाला, आणि थोड्या वेळाने मागून दिसलं, त्याची मान ठेका धरू लागली होती.