एक दाबा, नाहीतर दोन

फोन उचलणं हे काय काम असतं होय, असं ज्याला वाटत असेल त्यानं आषाढात कारंज्याला यावं आणि प्रभाकररावांच्या नर्सरीतला फोन एक दिवस कानाला लावून दाखवावा. संत्र्याची कलमं न्यायचा तो हंगाम. "माही कलमं तयार झाली काय?" "दुसऱ्या कोणाले देऊन त नाई टाकली?" "गाडी आणू की थांबू?" ह्या सगळ्याला उत्तर द्यायचं सुनेनं, म्हणजे मंजुषानं. तोंडात घास असो की हात कणकेत, वाजला की उचलायचा. बाई पार विटून गेली होती.

आणि तिकडे गिरडला तिची माय मोतीबिंदू घेऊन बसलेली. डॉक्टर म्हणत, ऑपरेशन करून टाका. माय म्हणे, "माही मंजी आल्याबिगर डोळ्याले हात लावू देत नाई." कारंजा आणि गिरड म्हणजे वर्धा जिल्ह्याचं हे टोक आणि ते टोक. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं असं ते काम नव्हे. ऑपरेशन म्हटलं की पंधरा-वीस दिवस राहणं आलं. मंजुषा दर वेळी सांगायची, "येतो माय, हंगाम होऊ दे." हंगाम सरला की पुढचं बुकिंग सुरू. हंगामाला कधी मरण येतं का?

म्हणून तर तिनं ते प्लॅटफॉर्मचं मनावर घेतलं. गिऱ्हाइकाचा फोन, मेसेज, बुकिंग, तक्रार, सगळं एका जागी, आणि बरंचसं आपोआप. डिजिटल एक्स्पिरियन्स प्लॅटफॉर्म असं त्याचं लांबलचक नाव. तीन कंपन्यांची माणसं येऊन गेली. पहिल्याचं सगळं इंग्रजीत. दुसऱ्याचं ॲप दिसायला देखणं, पण शेतकऱ्यानं त्यात पासवर्ड टाकायचा. प्रभाकररावांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. तिसरा नागपूरचा रत्नदीप. त्याचं प्लॅटफॉर्म स्वतःहून फोन लावून मराठीत बोलायचं. "आपल्या लोकाईले वाचायचा कंटाळा आहे मामाजी, आयकायचा नाई," असं सांगून मंजुषानं हेच घ्यायला लावलं. नवरा किशोर "तुम्ही ठरवा" म्हणून मोकळा झाला. तो नेहमीच होतो.

"हा हंगाम याच्यावर निघाला," प्रभाकरराव म्हणाले, "त तुया फोन सुटला. मंग महिनाभर राह्यजो गिरडले."

घेतलं खरं, पण बसवता बसवता नाकी नऊ आले. जुनी गिऱ्हाइकं, त्यांची गावं, त्यांचे नंबर, सगळं भरायचं मंजुषानंच. रत्नदीप रोज नवीन काहीतरी मागायचा. एक दिवस म्हणाला, "ताई, मशीनचा आवाज परका वाटतो. लोक तुम्हाला ओळखतात, तुमचाच टाकू." मग ती गोडाऊनचं दार लावून, पंखा बंद करून, घामानं निथळत बोलत बसली: "नमस्कार, मी कारंज्याहून मंजुषा बोलते. तुमची संत्र्याची कलमं तयार आहेत. नेणार असाल तर एक दाबा, नाहीतर दोन दाबा." मध्येच बाहेर ट्रकनं हॉर्न दिला. पुन्हा पहिल्यापासून.

ह्या धबडग्यात मायला फोन करायचं रोज ठरायचं आणि रोज राहून जायचं. दिवसभर लोकांशी बोलून बोलून तिला बोलण्याचाच वीट आलेला, सख्ख्या आईशीसुद्धा. त्याची तिला लाज वाटायची. पण एवढं बसलं की सुटलो, असं ती मनाला समजवायची.

एकदाचं ते सुरू झालं. दोन-चार दिवस फोन गप्प. मंजुषा दुपारची चक्क झोपली. आणि मग कवडू पिकअप घेऊन फाटकात उभा राहिला, तर त्याची कलमं दुसऱ्यानं नेलेली.

"काऊन दिली? म्या सांगतलं होतं न बुधवारी येतो म्हणून."

"कोणाले सांगतलं कवडूभाऊ?"

"तुले. तूच त फोन केलता."

दुपारपर्यंत असे आणखी आले. सगळ्यांचं एकच, आम्ही मंजुषाला सांगितलं. प्रभाकरराव हात जोडून जोडून थकले. रत्नदीपला नागपूरहून बोलावलं. त्यानं लॅपटॉप उघडला. ज्याच्याकडून तीन दिवस लावूनही बटण दाबलं गेलं नाही, त्याच्यापुढे मशीननं 'प्रतिसाद नाही' असं टाकून त्याची कलमं पुढच्याला दिली होती. पण फोनवरचं सगळं त्यात साठलेलं होतं. त्यानं कवडूचं लावलं.

आधी मंजुषाचा आवाज. मग कवडूचा. "हो बेटा, नेतो न. बुधवारी येतो. जेवण झालं काय? तुये मामाजी बरे आहेत न?" मग तिच्या उत्तराची नुसती वाट पाहणं.

दुसरा, तिसरा, तोच प्रकार. एक म्हातारा तर म्हणाला, "दाबू काय बाई, तू बोलून राह्यली न माह्यासंग." ओळखीच्या घरची सून बोलत असताना मध्येच बटण दाबायचं, ही रीत ह्या भागात कोणाला सुचणार? प्रभाकरराव खोकला येईपर्यंत हसले. मंजुषाही हसली, थकलेलं हसू.

मग पडद्यावर नाव आलं: लक्ष्मणराव, गिरड. तिचे वडील. वारून वर्षं झाली. लग्नात प्रभाकररावांनी व्याह्याला आहेरात कलमं दिली होती, त्यामुळे नाव जुन्या गिऱ्हाइकांत होतं. तिनंच ते नादात भरून टाकलं होतं, आणि तो फोन आता माय वापरायची. मंजुषा थांबा म्हणेपर्यंत रत्नदीपनं लावलंसुद्धा.

"मंजे? आली काय व आठवण? आयक, डोळ्याचं करून टाकलं म्या. शेजारच्या पंचफुलानं नेलं. लय वाट पाह्यली तुई, पण चुलीतला जाळ दिसेना झालता. रागावू नोको."

"नेणार असाल तर एक दाबा, नाहीतर दोन दाबा," मंजुषाचा आवाज पुन्हा म्हणाला.

बटण दाबलं नाही म्हणून मशीननं दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला होता. "अजून रागातच हाय काय व? बोल न." तिसऱ्या दिवशी पुन्हा. "बरं. काम कर तू. ठेवतो."

मग रत्नदीप, बिचारा भल्यासाठीच, म्हणाला, "ताई, सोपं आहे. तुमचा आवाज काढून मशीनचा टाकतो. मग लोक बरोबर बटण दाबतील."

"टाक," प्रभाकरराव हळूच म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. आता तिचा फोन खरंच सुटणार होता.

मंजुषा बाहेर कलमांच्या वाफ्याशी आली आणि तिनं गिरडला फोन लावला. मायनं लगेच उचलला.

"आता काऊन केला? सांगतलं न तुले, बरी आहो मी."

"माय, ते फोन म्या नव्हते केले. मशीनचे होते."

"आवाज त तुयाच होता."

"आवाज मायाच होता माय. मी नव्हतो तिथं."



"मंग मी सारं सांगतलं कोणाले?"