पडद्याची दुमड

राहती इमारत पाडायची ठरली होती आणि महिनाअखेरीला खोली सोडायची होती. माईंचं पोट शिवणकामावर, त्यामुळे घर हवं होतं ते त्यांना आणि त्यांच्या मशीनला. भाचीने मोबाईलवर भाड्याच्या घरांच्या ॲपवर अर्ज भरून भरून बोटं झिजवली. ‘घरात यंत्र चालवता का?’ या प्रश्नापुढे माई ‘हो’ लिहायला लावत आणि मिनिटभरात उत्तर हजर: घरमालकाने तुमचा अर्ज नाकारला आहे. एकदा ‘नाही’ लिहू, कुणाला कळतंय, असं भाची म्हणे. चाळीस वर्षं जिने पोसलं ती लपवायला काय चोरीची आहे, असं माई विचारत.

अठ्ठाविसावा नकार आला, तेव्हा घराचा फोटो बघता बघता माईंनी मोबाईल पार नाकाशी नेला. खिडकीतल्या पडद्याच्या दुमडीवर दुहेरी टीप होती. एवढा खटाटोप या भागात त्या एकट्याच करत. पत्ता ॲपने लपवला होता, पण आपले पडदे कुणाच्या खिडकीला गेले हे माई कशा विसरतील?

सकाळीच रिक्षात मशीन घालून त्या दारात हजर. मागे भाची, लाजून अर्धी झालेली. घरमालकीण म्हणाली, अर्ज ॲपवरच करायचा असतो. केला होता आणि तुम्हीच झिडकारलात, म्हणत माईंनी मोबाईल पुढे धरला. तिने तो नकार दोनदा वाचला.

“मी? माझ्यापर्यंत हा अर्ज आलाच नाही.”

“मग आता आलाय. मी वर त्या भाड्याच्या खोलीत मशीन चालवते, तुम्ही खाली बसून ऐका. कान किटले तर नाही म्हणा, पण स्वतःच्या तोंडाने म्हणा.”

माईंनी रागारागात अख्खी चादर शिवून काढली. घरमालकीण वर आली. आवाज मिक्सरपेक्षा कमीच आहे म्हणाली. फॉर्ममध्ये यंत्रापुढे तेवढं ‘नाही’ करा, म्हणजे ॲप परस्पर अडवणार नाही आणि मला होकार देता येईल.

भाचीचं बोट लगेच पुढे झालं. माईंनी तिचा हात धरला. घर हातातोंडाशी आलं होतं.

“मशीन आहे, तर ‘हो’च राहील. चालत नसेल तर मी ही उचलते.”

घरमालकिणीने आपला मोबाईल काढला आणि ॲपवरची खोलीची जाहिरातच पुसून टाकली.

“उचलू नका,” ती म्हणाली. “त्या खिडकीशी उजेड चांगला येतो. तिथेच राहू द्या.”