वाल्पुरीसाठी जादा ठोका

नदीवर तुर्कूहून, बिशपच्या शहरातून, येणारी नाव दिसली आणि मी चर्चची घंटा वाजवली. नेहमीचे ठोके, वर एक जादा. तो जादा ठोका वाल्पुरीसाठी. तो ऐकला की ती माउनो पाद्रीबाबांच्या घरातली खुंटीवरची आपली शाल उचलायची आणि नदीकाठच्या वाफेच्या न्हाणीत जाऊन बसायची. बिशपचा माणूस गेला की परत चुलीपाशी. पाद्र्याला बायको नसते, असा नियम होता. पाद्रीबाबांना वाल्पुरीपासून मुलगी आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

आता नियम बदललाय म्हणतात. तिकडे स्टॉकहोमला आमच्या राजाने पोपशी संबंध तोडले, चर्चची चांदी नेली. पाद्र्यांनी उघड लग्न करावं, असं तुर्कूतच काहीजण बोलू लागले. पण त्यांतला मनापासून बोलणारा कोण आणि दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेणारा कोण, ते कळत नव्हतं. नव्या रीतीत संतांच्या मूर्ती नकोत, म्हणे; पाद्रीबाबांनी चर्चमधली संत हेन्रिकची मूर्ती हलवली नाही आणि उघडीही ठेवली नाही. तिच्यावर गोणपाट टाकलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, धूळ बसते.

वाल्पुरीला मात्र थांबणं परवडत नव्हतं. मार्गिताचं, त्यांच्या मुलीचं, लग्न जुळत आलं होतं आणि मुलाच्या आईने स्पष्ट विचारलं होतं, "बाप कोण, ते चर्चमध्ये उभं राहून सांगणार का कुणी?"

"जरा निवळू दे," पाद्रीबाबा वाल्पुरीला म्हणाले होते. "उद्या जुनी रीत परतली तर तुम्हा दोघींनाच हाकलतील."

"आणि नाही परतली तर?"

ते उठून मूर्तीवरचं गोणपाट सारखं करायला गेले होते.

नावेतून उतरला तो येस्पर, तुर्कूच्या मोठ्या चर्चचा पाद्री. नेमका शुक्रवार. जुन्या रीतीत मांस वर्ज्य, नव्या रीतीत उपास म्हणजे ढोंग. वाल्पुरीने सकाळीच दोन्ही रांधून ठेवलं होतं, डुकराचं मांस आणि पाईक मासा. वाढायला मी होतो.

"शुक्रवारी मांस?" येस्परने विचारलं. आवाजावरून काही कळेना.

"मासाही आहे. तुम्हाला हवं ते घ्या."

"आधी यजमान."

"छे, आधी पाहुणे."

शेवटी दोघांनी सलगम आणि भाकरी खाल्ली. मांसावरची चरबी थिजून पांढरी झाली.

"रांधलं कुणी?"

"कामाची बाई येते. गेली ती घरी."

येस्परने खिडकीच्या झडपेतून बाहेर पाहिलं. "मग तुमची न्हाणी कोण तापवतंय?"

मीही पाहिलं. न्हाणीच्या छपरातून दाट धूर निघत होता. इतकी वर्षं वाल्पुरी तिथे विस्तवाशिवाय बसत आली होती. पाद्रीबाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मीच तिला पढवलं, असं त्यांना वाटलं असावं.

दार उघडलं. वाल्पुरीच्या कपाळाला काजळी लागलेली.

"न्हाणी तापलीय. पाण्यावरून आलेल्याला आधी न्हाऊ घालतात, मग जेवू. इथं सगळं उलटंच."

"तू कोण, बाई?" येस्परने विचारलं.

"अहो, सांगा ना त्यांना."

एरवी परक्यासमोर ती त्यांना पाद्रीबाबाच म्हणायची. पाद्रीबाबा येस्परचा चेहरा न्याहाळत राहिले. त्यात त्यांना काही सापडलं नाही. वाल्पुरीने शाल काढून खुंटीवर अडकवली.

"बायको," ते म्हणाले. "माझी बायको. मुलगी आहे आम्हाला, मार्गिता."

येस्परने चाकूने मांसाचा तुकडा कापला आणि सावकाश चावला. "रविवारी लग्न लावू. मी थांबतो." मग म्हणाला, "गार झालंय हे."

"कुणामुळे?" वाल्पुरी म्हणाली.

रविवारी पाद्रीबाबांचं आणि वाल्पुरीचं लग्न लागलं. मार्गिताची होणारी सासू पुढे बसली होती. बायका नवरदेवाकडे कमी आणि येस्परकडेच जास्त पाहत होत्या, तो मनापासून लग्न लावतोय का ते ताडत.

येस्परची नाव वळणाआड गेली तेव्हा पाद्रीबाबा घंटेपाशी आले. "एवढ्या सहज कसा तयार झाला तो? तुर्कूत जाऊन काय सांगेल? तो जादा ठोका विसरू नकोस."

मी ते वाल्पुरीच्या कानावर घातलं. ती मासे साफ करत होती.

"वाजव की," ती म्हणाली. "मी ऐकेन. उठणार नाही."