नरसिंगरावांचा पॉइंट

सरकारनं माझी सोय केली आणि माझं वाटोळं झालं. असं बोललो की माझा मुलगा सुनीलकुमार फोनवर हसतो. "अप्पा, आता सगळं घरबसल्या होतंय, तरी तुमची कुरकुर आहेच." हसू दे त्याला. तो तिकडं शहराच्या दुसऱ्या टोकाला, बोम्मसंद्र्याला कारखान्याजवळ बिऱ्हाड करून राहतो, मी इथं के. आर. पुरमला. माझी बायको शकुंतला गेल्यापासून या घरात माझ्याशी आवाज चढवून बोलतो तो फक्त कुकर.

मी हवालदार नरसिंगराव, निवृत्त. आमच्या भागात माजी सैनिकांची एक छोटी कचेरी होती. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, व्हरांड्यात बाक. महिन्याच्या पहिल्या सोमवारी साहेब तिथं बसायचे आणि पेन्शनची, दवाखान्याची, विधवांची कामं बघायचे. माझं काम वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. पण मी दर पहिल्या सोमवारी हजर. कारण बाकावर शिवाप्पा यायचा.

शिवाप्पा राहतो होसकोट्याला, मूळचा निपाणीकडचा. नायक म्हणून निवृत्त झाला, माझ्याहून खालचा, पण मला साहेब म्हणेल तर शपथ. "काय रे नरश्या, अजून आहेस होय?" असं विचारायचा. मला अरे-तुरे करणारा जगात तेवढा एकच उरला होता. तो भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणायचा, मी केळी न्यायचो, आणि कुणाच्या पलटणीतली डाळ जास्त पातळ होती यावर आम्ही दुपारपर्यंत भांडायचो. फोन नंबर की घरचा पत्ता आम्ही कधी घेतला नाही. कशाला घ्यायचा? पहिला सोमवार होता की.

मग राज्याचा नवा कायदा येणार असं ऐकलं. छोट्या कचेऱ्या मोडायच्या, माजी सैनिकांसाठी एकच मोठी संस्था काढायची, तिला तिचा स्वतंत्र निधी द्यायचा आणि भाड्याचा पैसा वाचवून माणसं घरोघरी पाठवायची. म्हाताऱ्यांची पायपीट थांबावी म्हणून. हेतू चांगलाच होता, नाही कोण म्हणतो. मसुद्यावर आमचं म्हणणं ऐकायला समितीनं सगळ्यांना एका सभागृहात बोलावलं.

शिवाप्पाचा गुडघा धरला होता. तो म्हणाला, "तू जा. तुझा आवाज परेडचा आहे. बाक राहिला पाहिजे एवढं सांग." मी घरी आरशापुढं पाठ केलं. साहेब, निधी द्या, घरी माणसं पाठवा, पण कचेरी ठेवा. तिथं आम्ही एकमेकांना भेटतो.

समितीचे अध्यक्ष होते एक निवृत्त ब्रिगेडियर. ताठ माणूस. त्यांनी एकेक कलम समजावून सांगितलं, मग उठून उभे राहिले आणि विचारलं, "कोई पॉइंट?"

आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. पलटणीत जवानांची सभा भरते, तिच्या शेवटी मोठे साहेब असंच विचारतात. कुणाची तक्रार, कुणाची मागणी, त्याला पॉइंट म्हणायचं. आणि सगळी पलटण एका सुरात उत्तर देते, नाही. पोटात दुखत असलं तरी नाही, घराला आग लागली असली तरी नाही.

मी उभा राहिलो. टाचा आपोआप जुळल्या. आणि माझ्या त्या परेडच्या आवाजात मी म्हणालो, "कोई पॉइंट नहीं, साहब."

माझ्यामागं सगळं सभागृह तेच म्हणालं. साहेब खूश झाले. कुणाचीच हरकत नाही, असं टिपून घेतलं गेलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो असा. शकुंतला म्हणायची, बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. तिचं मी तरी कधी ऐकलं?

शिवाप्पाला सांगितलं तेव्हा त्यानं शिवी दिली नाही. "मीही तेच म्हणालो असतो," एवढंच बोलला आणि भाकरीचा तुकडा पुढं केला. कायदा व्हायला वर्षं लागतात, असं आम्ही धरून चाललो होतो. पुढच्या महिन्याच्या सोमवारी तो आला नाही, गुडघा सुजला असेल. त्याच्या पुढच्या महिन्यात गेलो तर कायदा झाला होता आणि कचेरीला कुलूप होतं.

नोव्हेंबरात नव्या संस्थेची मुलगी घरी आली. पवित्रा नाव, गुणी पोरगी. तिच्या यंत्रावर अंगठा ठेवला, ती म्हणाली, "झालं अंकल." मी चहाचं आधण ठेवलं होतं, ते उकळलंसुद्धा नव्हतं. मी विचारलं, "होसकोट्याचे नायक शिवाप्पा आहेत, त्यांचा अंगठा झाला का?"

"होसकोटे माझ्याकडं नाही, अंकल. आणि दुसऱ्यांची माहिती सांगता येत नाही, कायद्यातच आहे तसं." मग तिनं विचारलं, "तुमची काही तक्रार?"

"नाही," मी म्हणालो. तोंडातून गेलंच ते.

मी जिवंत आहे हे सरकारला कळलं. शिवाप्पाला कोण कळवणार?

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मी उगीचच कचेरीकडं गेलो. व्हरांड्यात कसलीशी खोकी रचलेली, बाक नाहीच. गेटवर गुंडू वॉचमन होता. मला बघून म्हणाला, "अज्जा, तुमच्यासारखेच एक आले होते गेल्या आठवड्यात. काठी होती हातात. त्यांच्या मुलाला सुट्टी होती म्हणून तो स्कूटरवर घेऊन आला होता. बराच वेळ पायरीवर बसले."

माझा जीव भांड्यात पडला. "काही निरोप ठेवला?"

"मी विचारलं की, कुणाला काही सांगायचं आहे का. तर काठी टेकून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, कोई पॉइंट नहीं."

मी त्याच पायरीवर बसलो. रडू आलं, ते लपवलं नाही. मग माझा नंबर गुंडूच्या फोनात घालायला लावला. म्हटलं, "पुन्हा आला तर त्याला सोडू नकोस. मला फोन लाव. सांग, नरश्याचा एक पॉइंट आहे."

"सरी अज्जा, लावतो फोन. काय पॉइंट म्हणून सांगू?"

"एकट्याला करमत नाही म्हणावं."

गुंडूनं मान हलवली आणि मला बसायला आपली खुर्ची दिली.